विश्लेषण : ना व्हीएफएक्स, ना कोटींचे बजेट… तरीही बाहुलीचा भयपट घाबरवतो कसा?

हातमोजा, सायकलच्या ब्रेकची तार, थोडा फोम आणि नेमक्या जागी ठेवलेला कॅमेरा. जगभरातील अनेक स्वतंत्र दिग्दर्शकांनी एवढ्याशा सामग्रीवर भयपट उभे केले. हे तंत्र चालते कसे, त्यात पैसा कुठे वाचतो आणि त्याची किंमत कोण मोजते?

१९९३ मध्ये महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला आणि एक अख्खी मराठी पिढी छोट्याशा बाहुल्याला घाबरायला शिकली. कुख्यात गुंड तात्या विंचूचा आत्मा मंत्राच्या जोरावर बाहुल्यात शिरतो, ही त्याची गोष्ट. दिलीप प्रभावळकर यांचा तात्या विंचू, लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या आणि शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडवलेला बाहुला हे समीकरण असे जमले, की १९९५ मध्ये हा चित्रपट ‘खिलौना बना खलनायक’ या नावाने हिंदीत गेला आणि २०१३ मध्ये त्याचा दुसरा भाग थ्रीडीमध्ये आला.

त्याच १९९३ मध्ये हॉलिवूडमध्ये ‘ज्युरासिक पार्क’ प्रदर्शित झाला. संगणकावर घडवलेले डायनासोर पाहून जग थक्क झाले आणि पडद्यावरचे राक्षस, भुते, प्राणी हळूहळू संगणकाकडे गेले. तरीही हातात फारसे पैसे नसलेला दिग्दर्शक भयपट करायला निघाला, की आजही अनेकदा बाहुलीकडेच वळतो. याचे कारण केवळ ‘स्वस्त पडते’ एवढेच नाही. बाहुलीला पैसा कमी लागतो हे खरे, पण त्याऐवजी ती वेळ मागते. नवख्या दिग्दर्शकाकडे बहुतेक वेळा वेळ हेच एकमेव भांडवल असते.

बाहुलीची भीती का वाटते?

जपानचे रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये एका लेखात याचे स्पष्टीकरण मांडले. एखादी वस्तू जसजशी माणसासारखी दिसू लागते, तसतशी ती आपल्याला अधिक आवडते. मात्र ती माणसाच्या अगदी जवळ पोहोचली, पण पूर्ण माणूस झाली नाही, की आवड अचानक कोसळते आणि तिच्या जागी अस्वस्थता येते. आलेखावर हा खड्डा दरीसारखा दिसतो, म्हणून त्याला ‘अनकॅनी व्हॅली’ म्हणतात. वस्तू हलू लागली तर ही दरी आणखी खोल होते, असेही मोरी यांनी नमूद केले होते. म्हणजे कपाटातली बाहुली थोडी विचित्र वाटते. तिने मान वळवली, तर अंगावर काटा येतो.

याच लेखात मोरी यांनी जपानच्या पारंपरिक बुनराकू बाहुल्यांचे उदाहरण दिले. त्यांना मात्र प्रेक्षक माणसासारखे स्वीकारतात, कारण त्या रंगमंचावर असतात आणि आपण लांब बसून खेळात रमलेलो असतो. भयपट नेमके हे अंतर काढून घेतो. कॅमेरा बाहुलीच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर जातो आणि तिथे पापणी लवत नाही, श्वासाने छाती हलत नाही, हे दिसू लागते. पाध्ये कुटुंबाचेच उदाहरण पाहा. रामदास पाध्ये यांचे वडील य. के. पाध्ये यांनी घडवलेले ‘अर्धवटराव’ रंगमंचावर पिढ्यान्‌पिढ्या हसवत आले. त्याच घरात तयार झालेल्या तात्या विंचूने पडद्यावर घाबरवले. कला तीच, पण अंतर आणि प्रकाश बदलला.

दुसरे कारण अधिक साधे आहे. बाहुली सेटवर खरोखर हजर असते. दिव्याचा प्रकाश तिच्यावर पडतो, तिची सावली भिंतीवर पडते, नटाला तिच्या डोळ्यांत पाहता येते, तिला ढकलता येते. संगणकावर नंतर घालायच्या भुतासमोर नट हवेशी बोलत असतो. सावली, स्पर्श आणि नजर या तीन गोष्टी संगणकावर पटण्याजोग्या करणे हेच सर्वांत खर्चीक काम असते. बाहुली त्या फुकटात देते.

बाहुलीत ‘जीव’ येतो कसा?

ढोबळमानाने चार पद्धती आहेत.

हातमोजा बाहुली : आत हात घालून चालवायची. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी, कारण मनगट आणि बोटांची प्रत्येक हालचाल थेट बाहुलीत उतरते. अडचण एकच : चालवणाऱ्याचे बाकीचे शरीर कुठेतरी लपवावे लागते. त्यासाठी सेट जमिनीपासून उंच बांधतात किंवा पलंग, टेबल, सोफा यांना भोक पाडून माणूस खाली बसतो.

काठी आणि दोरीची बाहुली : हातापायांना बारीक काठ्या किंवा वरून दोऱ्या. काळ्या पार्श्वभूमीवर काळी काठी दिसत नाही. हल्ली हिरव्या रंगाची काठी वापरून ती संकलनात पुसून टाकणे साध्या सॉफ्टवेअरवरही जमते.

तार आणि मोटरची बाहुली : सायकलच्या ब्रेकसारखी, नळीतून जाणारी तार ओढली की भुवई उचलते किंवा ओठ मागे जातो. तारेऐवजी छोटी सर्वो मोटरही बसवता येते. खेळण्यांसाठी वापरली जाणारी अशी मोटर शंभर-दीडशे रुपयांपासून मिळते आणि अर्डुइनोसारख्या सर्किट बोर्डवरून चालवता येते. तोटा म्हणजे आवाज. मोटरची घरघर माइक पकडतो, त्यामुळे त्या शॉटमधले संवाद नंतर डब करावे लागतात.

स्टॉप मोशन : बाहुली किंचित हलवायची, एक फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात. प्रत्येक स्थिती दोन फ्रेम वापरली, तरी एका सेकंदाला १२ आणि एका मिनिटाला ७२० स्थिती लागतात. एका स्थितीला केवळ दोन मिनिटे धरली, तरी मिनिटभराच्या दृश्याला सलग २४ तास होतात. पैसा वाचतो आणि वेळ जातो, तो असा.

प्रत्यक्षात एकच पद्धत वापरून चित्रपट होत नाही. १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’मधील चकी हा बाहुला केव्हिन यागर यांच्या चमूने यांत्रिक पद्धतीने घडवला आणि तो चालवायला एकाच वेळी अनेक जण लागत. पण धावण्या-चालण्याच्या काही शॉटमध्ये कमी उंचीचे अभिनेते एड गेल चकीचा पोशाख घालून वावरले आणि त्यासाठी सेटच मोठ्या आकाराचे बांधण्यात आले. १९८९ मध्ये थेट व्हिडीओ कॅसेटवर आलेल्या ‘पपेट मास्टर’मध्ये पिनहेड नावाच्या बाहुल्याच्या चिमुकल्या डोक्याला काही शॉटमध्ये खऱ्या माणसाचे हात जोडले होते. युक्ती साधी, पण पडद्यावर ती विलक्षण विचित्र दिसते.

छोटी बाहुली पडद्यावर धोकादायक कशी दिसते?

याचे बरेचसे उत्तर कॅमेऱ्यात आहे. पहिली गोष्ट म्हणजे उंची. कॅमेरा जमिनीलगत ठेवून वर पाहिले, की फूटभर बाहुलीही अंगावर आल्यासारखी वाटते. शिवाय तिला चालवणारा माणूस चौकटीबाहेर राहतो.

दुसरी गोष्ट म्हणजे वजन. लहान वस्तू लवकर पडते, लवकर वळते आणि त्यामुळे ती ‘खेळणे’ आहे हे लगेच कळते. मोठ्या प्राण्याची किंवा राक्षसाची छोटी प्रतिकृती चित्रित करताना यासाठी एक जुना हिशेब वापरतात. प्रतिकृती जितक्या पट लहान, त्या संख्येच्या वर्गमुळाइतक्या पट अधिक फ्रेमने चित्रण करायचे. राक्षस चारपट लहान बनवला असेल, तर २४ ऐवजी ४८ फ्रेम. तेच चित्रण २४ फ्रेमने दाखवले की हालचाल संथ होते आणि बाहुलीला वजन येते. आता साध्या मोबाइलमध्येही ६० फ्रेमचा पर्याय असतो. उलट बाहुली ही बाहुलीच आहे आणि ती झटक्यात हल्ला करते असे दाखवायचे असेल, तर कमी फ्रेमने चित्रण करून तिची गती वाढवतात.

तिसरी आणि सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे बाहुली न दाखवणे. दार किंचित हलते, टोपलीचे झाकण उचलते, कॅमेराच भुताची नजर बनून धावतो. सॅम रायमी यांच्या ‘द ईव्हिल डेड’ (१९८१) मध्ये जंगलातून धावणाऱ्या अदृश्य शक्तीचे जे शॉट गाजले, ते लाकडी फळीवर कॅमेरा बसवून, फळीची दोन टोके धरून दोघांनी पळत घेतले होते. ब्रिटिश दिग्दर्शक मॅथ्यू होलनेस यांच्या ‘पॉसम’ (२०१८) मध्ये माणसाचे डोके आणि कोळ्याचे पाय असलेली बाहुली आहे. नायक ती चामडी बॅगेत घेऊन फिरतो. प्रेक्षक बराच काळ बॅगेलाच घाबरत राहतो.

३५ हजार डॉलरमध्ये काय झाले?

या प्रकारातील सर्वांत बोलके उदाहरण फ्रँक हेनेनलॉटर यांच्या ‘बास्केट केस’चे (१९८२) आहे. ड्वेन नावाचा तरुण वेताची टोपली घेऊन न्यूयॉर्कच्या एका कळकट हॉटेलात उतरतो. टोपलीत त्याचा जन्मतः शरीराला जोडलेला, नंतर शस्त्रक्रियेने वेगळा केलेला भाऊ बेलियल आहे. दोघे मिळून त्या डॉक्टरांचा सूड घेतात. चित्रपटाचा खर्च सुमारे ३५ हजार डॉलर इतकाच असल्याचे सांगितले जाते.

एवढ्या पैशांत बेलियल पडद्यावर जमला, कारण कथाच त्याच्या मर्यादेत बसवलेली होती. त्याला पाय नाहीत, म्हणजे चालण्याचा प्रश्न नाही. तो टोपलीत राहतो, म्हणजे बराच वेळ केवळ टोपली दाखवून भागते. जवळच्या शॉटमध्ये तो हात घालून चालवलेली बाहुली असतो. तो खोलीची नासधूस करतो ते दृश्य स्टॉप मोशनमध्ये आहे. ते खडबडीत दिसते, हे आज सहज लक्षात येते. पण तोपर्यंत प्रेक्षक बेलियलच्या रागात आणि एकटेपणात इतका गुंतलेला असतो, की हालचालीतला झटका त्याच्या स्वभावाचा भाग वाटतो.

चमू इतका छोटा होता, की श्रेयनामावली रिकामी दिसू नये म्हणून त्यात खोटी नावे घालावी लागली. मात्र बेलियल घडवणाऱ्यांपैकी केव्हिन हेनी यांना पुढे ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’साठी आणि जॉन कॅग्लिओन यांना ‘डिक ट्रेसी’साठी रंगभूषेचे ऑस्कर मिळाले. मध्यरात्रीच्या खेळांमधून लोकप्रिय झालेल्या या चित्रपटाची प्रत पुढे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने जतन केली.

मग किंमत कोण मोजते?

कमी बजेटच्या चित्रपटांची चर्चा करताना डॉलरचे आकडे सांगितले जातात, वर्षांचे सांगितले जात नाहीत. डेव्हिड लिंच यांना ‘इरेझरहेड’साठी अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटकडून १० हजार डॉलरचे अनुदान मिळाले. चित्रीकरण १९७२ मध्ये सुरू झाले आणि चित्रपट १९७७ मध्ये प्रदर्शित झाला. पैसे संपले की काम थांबायचे. त्या काळात लिंच घरोघरी वृत्तपत्रे टाकत होते. नायक जॅक नान्स यांनी व्यक्तिरेखेची ती उभ्या केसांची ठेवण वर्षानुवर्षे सांभाळली. चित्रपटातील किंचाळणारे, कातडीविना असल्यासारखे दिसणारे ‘बाळ’ नेमके कसे बनवले, हे लिंच यांनी २०२५ मध्ये निधन होईपर्यंत उघड केले नाही.

न्यूझीलंडचे पीटर जॅक्सन वेलिंग्टनमधील एका वृत्तपत्रात नोकरी करत सुट्टीच्या दिवशी मित्रांना घेऊन ‘बॅड टेस्ट’ (१९८७) चित्रित करत होते. परग्रहवासीयांचे मुखवटे त्यांनी आईच्या ओव्हनमध्ये भाजले. हे काम सुमारे चार वर्षे चालले आणि शेवटच्या टप्प्यात न्यूझीलंड फिल्म कमिशनचा पैसा आल्यावर ते पूर्ण झाले. लगेच १९८९ मध्ये त्यांनी केवळ बाहुल्यांचा ‘मीट द फीबल्स’ केला. याच वाटेने ते पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’पर्यंत पोहोचले.

फिल टिपेट यांची कथा तर थेट १९९३ शी जोडलेली आहे. ‘ज्युरासिक पार्क’चे डायनासोर आधी टिपेट बाहुल्यांच्या तंत्राने हलवणार होते. ते काम संगणकाकडे गेले. डायनासोर कसे हलतील याचे मार्गदर्शन करण्यासाठी टिपेट चित्रपटात राहिले आणि त्यासाठी त्यांना ऑस्करही मिळाले, पण त्यांनी सुरू केलेला ‘मॅड गॉड’ हा स्वतःचा स्टॉप मोशन भयपट बाजूला पडला. अनेक वर्षांनी स्टुडिओतील तरुणांच्या आग्रहाने तो पुन्हा सुरू झाला. विद्यार्थी आणि स्वयंसेवक शनिवार-रविवारी येऊन काम करू लागले, किकस्टार्टरवरून लोकांनी पैसे दिले आणि सुरुवातीपासून सुमारे ३० वर्षांनी, २०२१ मध्ये तो लोकार्नो महोत्सवात दाखवला गेला.

या तिन्ही कथा प्रेरणादायी म्हणून सांगितल्या जातात आणि त्या आहेतही. पण त्यांची दुसरी बाजू म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षे बिनपगारी काम केले, म्हणून चित्रपट ‘स्वस्त’ झाला. मैत्रीखातर रविवारी येणारा कॅमेरामन चौथ्या वर्षी नोकरी-संसारात अडकतो. सोडून दिलेल्या चित्रपटांची संख्या पूर्ण झालेल्यांपेक्षा कितीतरी मोठी असणार आणि त्यांच्या कथा कुणी लिहीत नाही. त्यामुळे बजेट मांडताना रुपयांच्या शेजारी ‘किती जणांचे किती दिवस’ हा रकाना असलाच पाहिजे. पैसे देता येत नसतील तर श्रेय, उत्पन्नातील वाटा आणि कामाची शेवटची तारीख तरी सुरुवातीलाच लिहून ठेवणे हा प्रामाणिकपणा आहे.

आधी पटकथा की आधी बाहुली?

वरच्या उदाहरणांतून एक नियम निघतो : आधी बाहुली घडवा, तिला काय जमते ते पाहा, मग पटकथा पक्की करा. तिची मान छान वळत असेल पण हात लुळे असतील, तर तिला सुरा धरायला लावू नका. मान वळण्यावर भय उभे करा. बाहुली फक्त अंधारात चांगली दिसत असेल, तर कथा रात्रीची करा. बाहुलीला तिच्या ताकदीबाहेरचे काम दिले, की प्रेक्षक घाबरण्याऐवजी हसतो.

दुसरा धडा ‘द ईव्हिल डेड’चा. रायमी आणि मित्रांनी थेट चित्रपटाला हात न घालता १९७८ मध्ये ‘विदिन द वूड्स’ हा सुमारे अर्ध्या तासाचा लघुपट केला. तो दाखवून गुंतवणूकदारांकडून पैसे उभे केले. आज पाच मिनिटांचा लघुपट मोबाइलवरही होऊ शकतो आणि त्यातून बाहुली कॅमेऱ्यासमोर टिकते का, हे मोठा खर्च करण्याआधीच कळते.

काही गोष्टी सेटवरच कळतात. एकच बाहुली असेल आणि ती फाटली, तर चित्रीकरण बंद पडते, म्हणून निदान डोके आणि हात यांची दुसरी प्रत हवी. साखरेच्या पाकात खाद्यरंग घालून केलेले रक्त कपड्यांवरून जात नाही आणि मोटरमध्ये शिरले तर ती जाम करते, म्हणून रक्ताची दृश्ये शेवटी ठेवावीत. लॅटेक्स, गोंद, स्प्रे यांचे काम बंद खोलीत करू नये. आणि आवाजाला कमी लेखू नये. लाकडी पायांची टकटक, कापडाची सळसळ हे आवाज वेगळे ध्वनिमुद्रित करून जोडले, की अर्धा अभिनय तिथेच होतो.

महाराष्ट्रात हे कितपत शक्य?

कौशल्याची परंपरा इथे नवी नाही. सिंधुदुर्गातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या छायाबाहुल्या आणि चित्रकथी या कला जपल्या आहेत. त्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाला. शहरात शब्दभ्रमाची परंपरा आहेच. मात्र हे कलावंत आणि लघुपट करणारे तरुण एकमेकांच्या वाटेला फारसे जात नाहीत. दोरी किती लांब असावी, वजन कुठे ठेवले की मान आपोआप झुकते, हे ज्ञान व्हिडीओ पाहून अर्धेच कळते.

नियमांच्या बाजूनेही बाहुली सोयीची आहे. भारतात चित्रपटात खरा प्राणी वापरायचा तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. लहान मुलाला काम द्यायचे तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि दिवसाला कमाल पाच तासांची मर्यादा असते. भयपटांत काळे मांजर आणि एकटे मूल ही पात्रे नेहमीचीच. त्यांच्यासाठी धोक्याच्या, रात्रीच्या दृश्यांत बाहुली वापरणे कायद्याच्या आणि माणुसकीच्या दृष्टीनेही बरे. चित्रपटगृहात दाखवायचा तर सेन्सॉर मंडळाचे प्रमाणपत्र मात्र बाहुलीच्या रक्तालाही चुकत नाही.

एआयच्या काळात बाहुली कशाला?

आता काही ओळी लिहिल्या की एआय सेकंदांत राक्षस तयार करून देते. त्यामुळे स्वस्तपणा ही बाहुलीची खासियत यापुढे राहणार नाही. उरेल ती तिची हजेरी. नटाच्या खांद्यावर पडलेला तिचा हात खरोखर पडलेला असतो आणि दचकण्यातला काही भाग अभिनय नसतो. शिवाय एआयचा राक्षस हवा तसा बदलता येतो. बाहुली बदलत नाही, तिच्याशी जुळवून घ्यावे लागते. बेलियलला पाय असते, तर हेनेनलॉटर यांना टोपली सुचलीच नसती. ज्याच्या हातात ३५ हजार डॉलरही नाहीत, पण पुढचे पन्नास रविवार आहेत, त्याच्यासाठी ही अडवणूक आजही सर्वांत चांगली पटकथा-शाळा आहे.